कामठ्याहून आणलेली दोन सायलेन्सरची गाडी

आमच्या गल्लीत गेले तीन आठवडे सगळे मला एकच प्रश्न विचारतात. "मोटारसायकल घ्यायला पार गोंदियाला? का, कराडातली दुकानं बंद पडली काय?" विचारणाऱ्याला मी दारात उभ्या असलेल्या गाडीकडं बोट दाखवतो. ज्याला गाड्यांतलं कळतं तो दोन सायलेन्सर बघतो, किक आणि गिअर एकाच दांडीत आहेत हे बघतो आणि गप्प होतो. ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही. पण तेच तेच सांगून माझं डोकं फिरायला लागलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्यांना वाचायचं त्यांनी निवांत वाचावं.

मी एसटीत कंडक्टर होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. कंडक्टर म्हणजे जन्मभर चाकांवर, पण स्टेअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. ही गाडी मी पहिल्यांदा बघितली विशीत, आमच्या भागातल्या गुरांच्या डॉक्टरांकडं. ते गोठ्यात शिरले की गाडीजवळ राखणीला मी. तेव्हापासून ती डोक्यात बसली ती बसलीच. पुढं नोकरी लागली, लग्न झालं आणि घरात आली स्कूटर, कारण स्कूटरला पुढं पिशवी ठेवता येते. मुलींची शाळा, क्लास, लग्नाची खरेदी, सगळं त्या स्कूटरवर झालं. मी गाडीचा विषय काढला की सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, मला एक बेल द्यायची. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. आमच्या घरात मला कायम एकच बेल.

अजून एक सांगायला हवं. तिकिटाची मशिनं आली आणि आमचा तो तिकीट पंच करायचा चिमटा कामाचा राहिला नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळं सामान जमा केलं, पण चिमटा मी साहेबांकडून मागून घेतला. तो माझ्या खिशात असतो. डोकं तापलं की मी तो खिशातल्या खिशात वाजवतो, टिक टिक, टिक टिक. कशाला घेतला मागून, असं सुनंदानं तेव्हा विचारलं होतं. मला काही सांगता आलं नव्हतं.

तर या दिवाळीनंतर भाच्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. हुबेहूब तीच गाडी, लाल टाकी, चंदेरी पट्टा. खाली लिहिलेलं, कामठा, तालुका गोंदिया. मी तिथल्या तिथं फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "डुलीचंद बोलून राहिलो." मी विचारलं, गाडी चालू आहे का. तो म्हणाला, "रोज सकारपासून चालून राहिली जी. तुमी या, डोऱ्यानं पाहा." भाव दोन वाक्यांत ठरला. सुनंदा म्हणाली, मी पण येणार. तुम्ही एकटे गेलात तर कोणी पण काही पण गळ्यात मारेल. म्हणजे बघा, एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा तिनं एक बेल दिली नाही.

कामठा, पहिला दिवस

रेल्वेचं काही सांगत नाही. बसलो आणि उतरलो. गोंदिया स्टेशनाबाहेर आलो तर सगळीकडं हिंदी. पाट्या मराठीत, बोलणं हिंदीत. रिक्षावाल्याला मी चांगलं शुद्ध मराठीत विचारलं, कामठ्याला येणार का. तो म्हणाला, "बैठो काका, छोड देते." वाटेत तो फोनवर तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत बोलला. ही छत्तीसगढी, असं त्यानंच सांगितलं. आमच्याकडं माणूस एका भाषेत भांडतो, त्याच भाषेत मिटवतो. इथं भांडण एकीत आणि मिटवामिटवी दुसरीत होत असावी.

शहर संपलं आणि मग मात्र मी बोलायचा थांबलो. आमच्याकडं उसाचा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस उभा असला की माणसाला वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. इथं धान कापून झालेलं. लहान लहान बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यांच्या कडेनं झाडं, मध्येच पाण्यानं भरलेली बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि नजर जाईल तिथपर्यंत मोकळं. कापलेल्या धानाचे गोल ढीग रचून ठेवलेले, त्यांना इथं पुंजणे म्हणतात. सुनंदा म्हणाली, "किती नीट रचलंय हो. आपल्याकडं कडबा कसा टाकतात." मला आपल्या गावाची बाजू घ्यायची होती, पण घ्यायला जागा नव्हती.

डुलीचंदभाऊचं घर गावाच्या टोकाला. उंच माणूस, पांढऱ्या मिश्या, खांद्यावर दुपट्टा, चालताना उजवा पाय जरा ओढतो. त्याची बायको सुरजाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, मग चहा, मग परत पाणी. पवार मंडळी ही. पूर्वज माळव्यातून आले, हे भाऊंनी पहिल्या चहातच सांगितलं, जणू गेल्या आठवड्यात आले असावेत. मी आपला सारखा दाराकडं बघतोय. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, गाडी?"

"खऱ्यावर हाय. चाला."

खरा म्हणजे खळं. घरामागंच. तिथं मी जे बघितलं ते मरेपर्यंत विसरणार नाही.

गाडी खळ्याच्या मधोमध मोठ्या स्टँडवर चढवलेली. मागचा टायर काढून ठेवलेला. नुसत्या रिमवर एक लांब पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणसाएवढा लोखंडी पंखा. गाडी चालू, चाक गरगर फिरतंय, पंख्याचा वारा सुटलाय, आणि दोन गडी त्या वाऱ्यात टोपल्यांनी धान सोडताहेत. कोंडा पार कुंपणापर्यंत उडतोय, धान खाली पडतंय. निळा धूर, इंजिनाचा आवाज, आणि मीटरचा काटा चाळिसावर. गाडी जागची हललेली नाही आणि काटा चाळिसावर.

 अडतीस वर्षं जिची स्वप्नं बघितली ती धान उफणत होती.

"हे काय चालवलंय हो?" मी म्हटलं, जरा जोरातच.

"धान उडवून राहिलो," भाऊ शांतपणे म्हणाले. "सतरा वर्षं झाली. वारा नसला तं वाट पाहात बसाची पाळी नाई. तापली का थांबवतो, पानी पेतो, मंग पुन्हा चालू."

"आणि माझं काय?"

"गाडी तुमाले देल्ली म्हनलं, देल्ली. पर धान उडवून झाल्याबिगर कशी देऊ? चार दिवस ऱ्हा. पावणे हा तुमी."

मी खिशात हात घातला. टिक टिक, टिक टिक. सुनंदानं माझ्याकडं बघितलं आणि सुरजाबाईंना विचारलं, "जेवायला काय करताय, मी मदत करू का?" झालं. मुक्काम ठरला.

कामठा, दुसरा दिवस

इथं तीन वेळा भात. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, आणि मधल्या वेळेला कोणी आलं तर पोहे, म्हणजे तोही भातच. मी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळूच विचारलं, भाकरी असते का. सुरजाबाईंनी मला वर-खाली न्याहाळलं. "बिमार हा का जी?"

पण एक कबूल करतो. असा भात मी आजवर खाल्ला नव्हता. त्यांच्याच बांधीतला, त्यांच्याच खळ्यावरचा, वाफेला असा वास की नुसत्या मिठाबरोबर जावा. वर लाखोळीच्या डाळीचं वरण, कोहळ्याच्या वड्यांची भाजी, आणि पाहुणे म्हणून उडदाचे वडे. त्यांना इथं बडे म्हणतात. मी किती खाल्ले ते सुनंदानं मोजले आणि घरी आल्यावर दोन्ही लेकींना फोन करून सांगितले.

जेवताना नवरा-बायको आपसात पवारीत, म्हणजे त्यांच्या समाजाच्या बोलीत, बोलायचे. मला शब्द कळायचे, वाक्य कळायचं नाही. आमच्याशी इथल्या झाडीबोलीत, गड्यांशी तिच्यातच पण जरा चढ्या आवाजात, आणि फोनवर बियाणेवाल्याशी हिंदीत. बोलणं सगळं सरळसोट. पुण्यात एखादी गोष्ट नको असेल तर माणूस "बघू, कळवतो" म्हणतो. इथं म्हणतात, "नाई होत." मला हे फार आवडलं. मी तसाच आहे, म्हणून तर आमच्या डेपोत माझं कोणाशी पटलं नाही.

दुपारी इंजिन थंड होईपर्यंत भाऊंनी मला गोठा दाखवला. आता तिथं एक म्हैस आणि दोन बैल. भिंतीत लाकडी खुंट्या, आणि एका खुंटीवर जुन्या दोरांचा जुडगा. काही कुजलेले, काही ठीक. मला वाटलं टाकायचं राहिलंय. भाऊ एकेका दोराला हात लावत म्हणाले, "हा सर्जाचा. हा त्याच्या भावाचा. हे लाल गोंड्याचं, कपिलेचं. मोठी गाय होती." ते ओळखीच्या माणसांची नावं घ्यावीत तशी नावं घेत होते. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष गाडीच्या आवाजाकडं होतं. ती परत चालू झाली होती.

संध्याकाळी ते आम्हाला बांधीवर घेऊन गेले. बोट दाखवलं. पन्नास पावलांवर दोन सारस उभे. माणसाएवढे उंच, राखाडी अंग, लाल मान. मी असला पक्षी कॅलेंडरवरसुद्धा धड बघितला नव्हता. त्यांच्या बांधीत पावसाळ्यात या जोडीनं घरटं केलं होतं. भाऊंनी तेवढा कोपरा निंदला नाही, कापला नाही, सोडून दिला. मी विचारलं, नुकसान झालं असेल. ते म्हणाले, "त्याह्यचंही घर होय ना." सुनंदा किती तरी वेळ बघत उभी राहिली. एक पक्षी पुढं चालला की दुसरा दोन पावलं मागून. ती म्हणाली, "यांच्यात पण मागचाच सगळं सांभाळतो वाटतं." हे मला लागावं म्हणून होतं की कौतुक होतं, ते मी विचारलं नाही.

नवेगाव बांध

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाले, "आज तुमी नवेगाव पाहून या. इतल्या दूरून आले अना बांध नाई पाहिला तं लोक हासतील. तुमी येसाल तोवर धान होऊन जाते." मला गाडी सोडून जायचं नव्हतं. पण सुनंदा पदर खोचून तयार.

एसटीनं गेलो. कंडक्टर पोरगी होती, पंचवीस-सव्वीसची. मी पासधारक निवृत्त कंडक्टर हे कळल्यावर तिनं मला पुढची जागा दिली आणि डेपोतल्या गोष्टी विचारत राहिली. सवयीनं माझा हात खिशात गेला आणि चिमटा वाजला. तिनं तो हातात घेऊन बघितला. तिनं कधी वापरलाच नव्हता. "काका, हे आता कायले ठेवलं?" तिनं विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर जंगल सुरू झालं होतं, साग आणि मोह, आणि एवढं दाट की दुपारी सावलीचा गारवा खिडकीतून आत यायचा.

नवेगावचा तलाव बघून मी खरं सांगतो, कोयनेच्या धरणाचा माझा तोरा उतरला. आमचं धरण मोठं आहे, पण ते काँक्रीटचं, सरकारी. हा बांध जुन्या काळातल्या माणसांनी मातीनं, हातांनी घातलेला, चहूबाजूंनी डोंगर, मध्ये पाणी, आणि पाणी इतकं शांत की डोंगर उलटा दिसावा. लांब मध्यावर पाखरांचे काळे ठिपके. एक ढिवर म्हातारा डोंग्यातून जाळं ओढत होता. त्याच्याच सुनेनं आम्हाला तळलेली मासळी आणि भात करून दिला. सुनंदाचा गुरुवार होता. तिनं पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाली, इथला गुरुवार वेगळा असेल. एवढी मोठी सवलत तिनं मला संसारात कधी दिली नव्हती.

परत निघताना मी तळ्याकाठी तिला सांगितलं, गाडी मिळाली की तुला मागं बसवून इथं परत आणेन. ती म्हणाली, आधी मिळू तर दे.

पुन्हा कामठा

संध्याकाळी पोचलो तर खळ्यावरून आवाज येतच होता. गाडी चालू, पंखा चालू. भाऊ एकटेच टोपलीनं धान सोडत होते. गडी दिसत नव्हते. मी जवळ गेलो. बराच वेळ बघत राहिलो आणि मग माझ्या ध्यानात आलं की कुंपणाकडं काहीच उडत नाहीये. मी पंख्याखाली हात धरला. नुसतं स्वच्छ धान. एक कोंडा नाही, एक तूस नाही.

"भाऊ, हे उडवलेलं धान आहे," मी म्हटलं.

त्यांनी खाली वाकून टोपली भरली, परत सोडली.

"कधी झालं उडवून?"

"काल झालं," ते म्हणाले. "काल सांजलेच."

आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, मी कराडहून आलोय. अडतीस वर्षं या गाडीसाठी थांबलोय. नाही द्यायची तर इथल्यासारखं सरळ सांगा, नाई होत. मी उद्या जातो."

त्यांनी गाडी बंद केली. एकदम एवढं शांत झालं की मलाच कसंतरी वाटलं. ते स्टँडजवळ खाली बसले, उजवा गुडघा हातानं चोळत.

"गुडगा गेला," ते म्हणाले. "किक बसत नाई. सकारी पोऱ्याच्या दोस्ताले बलावतो किक माराले. पोरं नागपूरले. पुढच्या साली नवी मशीन येनार हाय, तिच्यात पंखाबी हाय अना सगळंच हाय. मंग इले कोण पुसते? कामाचं जनावर बसवून ठेवाचं नाई, सडून जाते. म्हनून इकून राहिलो. देतो म्हनलं तं देतो." जरा थांबून म्हणाले, "पर हात उचलून नाई राहिला जी."

मी त्यांच्या शेजारी बसलो.  मला गाडी हवी होती. त्यांना ती जायला नको होती. दोन्ही खरं होतं. आणि मला त्या क्षणी, सांगायला लाज वाटते, त्यांच्या दुःखापेक्षा गाडीचीच काळजी जास्त वाटत होती.

सुरजाबाई दारातून म्हणाल्या, "सकारी देऊन टाका. मी हयद-कुकू काढून ठेवते." भाऊंनी मान हलवली.

चौथा दिवस

सकाळी उठून बघतो तर गाडी न्हाऊन-धुऊन उभी. मागचा टायर परत बसवलेला, टाकी पुसलेली, स्पोकसुद्धा. सुरजाबाईंनी चाकांवर पाणी घातलं, पुढच्या दिव्याला हळद-कुंकू लावलं आणि मूठभर धान ओवाळून सोडलं. मला भरून आलं. गाडीच्या शोरूममध्ये हार घालतात, फोटो काढतात, पण त्यात हे नसतं. मी पुढं होऊन हँडलला हात लावला.

भाऊंनी चावी काढली आणि आपल्या खिशात टाकली.

"चला, जा आता सावकाश," ते म्हणाले.

मी हात पुढं केला. "चावी?"

"ते नाई देत."

"म्हणजे?"

"जनावर इकलं तं दावं देत नाई जी. दावं घरी ठेवतेत. घेनारा आपलं दावं आनते." त्यांनी माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं. "तुमी आनलं नाई का?"

माझा संताप संताप झाला. चार दिवस थांबवलं, उडवलेलं धान परत उडवलं, आणि आता चावी नाही. ही काय गाय आहे का. मी हे सगळं बोललो, आणि वरच्या पट्टीत बोललो. खिशात चिमटा टिक टिक वाजत होता, त्याचं मला भान नव्हतं.

सुनंदा पुढं आली. ती सहसा चारचौघांत बोलत नाही. म्हणाली, "अहो, माझ्या आबांनी बैल विकला तेव्हा कासरा घरीच ठेवला होता. घेणाऱ्यानं नवा आणला. तुम्ही होतात तिथं, विसरलात?"

"तो बैल होता."

"आणि तुमच्या खिशात काय वाजतंय मघापासून?"

मी खिशातून हात बाहेर काढला. चिमटा हातातच होता. खळ्यावर सगळे माझ्याकडं बघत होते. मला गोठ्यातली खुंटी आठवली, सर्जाचा दोर आणि कपिलेचा लाल गोंडा, जे मला कचरा वाटले होते. निवृत्तीच्या दिवशी सुनंदानं विचारलं होतं, चिमटा कशाला घेतला मागून. कंडक्टर पोरीनं काल बसमध्ये तेच विचारलं. मला दोन्ही वेळा उत्तर आलं नाही, आणि इथं सुरजाबाईंनासुद्धा ते माहीत होतं.

भाऊंनी चिमट्याकडं बघून विचारलं, "हे का होय?"

"माझं दावं," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता प्रश्न चावीचा. गोंदियाला चावीवाला होता, पण त्याला नमुना तर हवा. जुनी चावी माझ्या हातात पडली तर सगळंच मोडलं. मग भाऊ स्वतःच निघाले. शेअर रिक्षात आम्ही दोघं शेजारी, मूठ त्यांची घट्ट मिटलेली. चावीवाल्याच्या टपरीसमोर उभं राहून त्यांनी मूठ उघडली. चावीवाला म्हणाला, "लाइए चाचा." भाऊंनी चावी त्याच्या हातात ठेवली आणि मला हातभर मागं सारलं. "तूच धर. याह्यले नोको देऊ."

चावीवाल्यानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. "गाडी किसकी है?"

"याह्यची," भाऊ म्हणाले.

"और चाबी?"

"माही."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. रोज काय काय बघत असेल. जुन्या चावीचे दात झिजून गुळगुळीत झालेले. "ये तो किसी भी कील से चालू हो जाएगी," तो म्हणाला, तरी त्यानं कानस घेऊन नवी चावी घासली, झिजलेल्या दातांसकट, तशीच. नवी चावी त्यानं माझ्या हातात दिली, जुनी भाऊंच्या. पैसे द्यायला मी खिशात हात घातला तर भाऊ म्हणाले, "हे तुमीच द्या. नवं दावं घेनाराच आनते." तेवढं एक मला आधीच कळलं होतं.

परत आलो तेव्हा सूर्य कलायला लागला होता. गोंदिया स्टेशनापर्यंत गाडीवर जायचं आणि तिथून गाडी रेल्वेत घालायची, असं आमचं ठरलं होतं. सुनंदानं पिशव्या बांधल्या होत्या, त्यातली एक पाच किलो तांदळाची. सुरजाबाईंनी तिची ओटी भरली. "भाकर खाऊ खाऊ वाळून गेले तुमचे मानूस," त्या म्हणाल्या, "भात देत जा त्याह्यले."

मी गाडीकडं गेलो. भाऊंनी मला थांबवलं. जनावर विकणारा शिवेपर्यंत स्वतः सोडायला जातो, तिथंच दावं सोडतो. म्हणजे शेवटपर्यंत गाडी तेच चालवणार, आणि मी मागं बसणार. अडतीस वर्षांनी मी त्या गाडीवर पहिल्यांदा बसलो, आणि तिथंसुद्धा मागं. मला हसू आलं. किक मी मारली, त्यांनी हँडल धरलं. सुनंदा आणि पिशव्या रिक्षातून मागोमाग.

शिवेवर एक मोहाचं झाड आहे. तिथं त्यांनी गाडी उभी केली, बंद केली, आणि जुनी चावी काढून घेतली. उतरले. टाकीवर एकदा तळवा ठेवला. पवारीत काहीतरी पुटपुटले, ते मला कळलं नाही आणि ते मला सांगितलेलंही नव्हतं. मग मला म्हणाले, "आता मी मांगं नाई पाहात. तसंच असते. गैर नोको मानू भाऊ."

"नाही मानत," मी म्हटलं.

ते वळले आणि पाय ओढत गावाकडं चालू लागले. रिक्षा थांबली, सुनंदा उतरली. तिनं तांदळाची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली, बाकीच्या रिक्षातच राहू दिल्या आणि मागं बसली. मी नवी चावी लावली. ती जरा अडकली, मग बसली. किक मारली. पहिल्यांदा नाही लागली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्या किकला तो आवाज झाला, गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीचा, विशीतला.

पलीकडं भाऊंची पावलं थांबली. मान वळली नाही. पण चावी धरलेला हात खांद्याच्या वर गेला आणि तिथंच राहिला, जणू आवाज नीट ऐकून घेत होते.

मी क्लच दाबून बसलो होतो. गिअर टाकायचा मला सुचतच नव्हता. एवढी वर्षं मी मागून कोणाला तरी सांगत आलो, चला. पुढं बसल्यावर कधी निघायचं हेच कळेना.

तेवढ्यात माझ्या कोटाच्या खिशात मागून एक हात शिरला. सुनंदानं चिमटा काढला आणि माझ्या कानाजवळ दोनदा वाजवला.

टिक टिक.

मी गिअर टाकला.